कागदावरची फुलं, मागावरचं रेशीम: अठराव्या शतकातले स्पिटलफील्ड्सचे नक्षीकार



वस्त्रांच्या इतिहासाबद्दल बोलायचं म्हटलं की आपला हात आधी कापडाकडे जातो. पैठणी असेल तर पदर उलटा करून बघायचा, शालू असेल तर जर खरी आहे का ते विचारायचं. आज मी कापडाकडे जरा उशिरा येणार आहे. आधी बोलायचंय ते कापडाच्याही आधी तयार होणाऱ्या एका वस्तूबद्दल. ती वस्तू म्हणजे कागद. हातानं रंगवलेला, बहुतेक वेळा जलरंगातला, रेशीम विणण्यासाठी केलेला नक्षीचा कागद.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये अठराव्या शतकातले असे शेकडो कागद आहेत. त्यातले आठशेहून जास्त एकाच बाईच्या हातचे आहेत. तिचं नाव ॲना मारिया गार्थवेट. हे कागद समोर ठेवून मला आज तीन प्रश्नांकडे जायचंय. हे कागद लागत का होते? ते रंगवत कोण होतं? आणि तिसरा प्रश्न असा की, एका रेशमी झग्यामागे जेवढी माणसं राबत होती, त्यातल्या कोणाची नावं या कागदांवर आली आणि कोणाची आली नाहीत?

स्पिटलफील्ड्स, आणि आपल्याकडचं कापड

स्पिटलफील्ड्स ही लंडन शहराच्या जुन्या तटाबाहेरची, पूर्वेकडची वस्ती. तिथे विणकर आधीपासून होते. पण 1685 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं नांतचा आदेश रद्द केला. म्हणजे प्रोटेस्टंट प्रजेला जे धर्मस्वातंत्र्य होतं ते काढून घेतलं. ह्यूगनो म्हणून ओळखले जाणारे हे फ्रेंच प्रोटेस्टंट हजारोंच्या संख्येनं देश सोडून निघाले. त्यात रेशीम विणणारे कारागीर होते. त्यातले बरेच जण स्पिटलफील्ड्समध्ये स्थिरावले आणि तिथल्या रेशीम धंद्याला बळ आलं.

आता गंमत बघा. या विणकरांचा एक मोठा प्रतिस्पर्धी होता आपल्याकडचा माल. ईस्ट इंडिया कंपनी कोरोमंडल किनाऱ्यावरून आणि गुजरातेतून रंगवलेलं, छापलेलं सुती कापड नेत होती. बंगालमधून विणलेलं रेशीमही नेत होती. लंडनच्या बायका त्यावर इतक्या खूष होत्या की विणकरांच्या पोटावर पाय येऊ लागला. 1697 मध्ये विणकरांच्या जमावानं पार्लमेंटला घेराव घातला, कंपनीच्या कचेरीवर हल्ला केला. 1700 साली कायदा झाला: इराण, चीन आणि हिंदुस्थानातून आलेलं विणलेलं रेशीम, तसंच रंगवलेलं आणि छापलेलं सुती कापड इंग्लंडमध्ये वापरायचं नाही.

तरी चीट काही थांबली नाही, कारण कोरं सुती कापड आणून इंग्लंडमध्येच छापणं सुरू झालं. 1719 मध्ये तर विणकर रस्त्यात चिटाचे झगे घातलेल्या बायकांना गाठून त्यांच्या अंगावरचे कपडे फाडू लागले. शेवटी 1721 मध्ये आणखी कडक कायदा आला.

या कायद्यांत एक बारकावा आहे. बंदी विणलेल्या रेशमावर होती, कच्च्या रेशमावर नव्हती. बंगालचं आणि चीनचं कच्चं रेशीम लंडनला येतच राहिलं, इटलीचं आणि तुर्कस्तानच्या बाजूचंही येत होतं. म्हणजे तुमचा धागा चालेल, तुमचं कापड नको. पुढच्या दोनशे वर्षांत आपण हे वाक्य वेगवेगळ्या रूपांत पुष्कळदा ऐकणार होतो.

कोरोमंडलच्या कलमकारीत कारागिराची कलम थेट कापडावर चालते. फूल काढलं की ते कापडावर उमटलं. रेशीम विणणाऱ्याला ही सोय नाही. त्याचं फूल उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या छेदातून तयार व्हायचं असतं. कलमकारीची रंगत रेशमात आणायची तर आधी कुठेतरी ते फूल काढावं लागणार आणि मग त्याचं धाग्यांच्या हिशेबात रूपांतर करावं लागणार. ते काढण्याची जागा म्हणजे आपला हा कागद.

मागाला चित्र कळत नाही

ज्या मागावर हे नक्षीदार रेशीम विणलं जायचं त्याला ड्रॉलूम म्हणतात. ओढण्याचा माग. साध्या मागावर विणकर पायानं पावडी दाबतो, उभ्या धाग्यांचा एक गट वर जातो, मधून धोटा फेकतो. साध्या विणीला एवढं पुरतं. पण मोठं फूल विणायचं तर प्रत्येक आडव्या धाग्याला उभ्या धाग्यांची वेगळी जुळणी वर उचलावी लागते. पहिल्या फेकीला हे वीस धागे, दुसऱ्या फेकीला ते बावीस, तिसऱ्या फेकीला आणखी वेगळे. पावड्यांनी हे जमणं शक्य नाही.

म्हणून उभ्या धाग्यांना दोऱ्या जोडलेल्या असायच्या. त्या दोऱ्या वर जाऊन, कप्प्यांवरून वळून मागाच्या बाजूला खाली लोंबायच्या. कुठल्या फेकीला कुठल्या दोऱ्या एकत्र ओढायच्या, त्याप्रमाणे त्यांच्या जुड्या बांधलेल्या असायच्या. मागाच्या बाजूला एक मदतनीस उभा, बहुतेक वेळा पोरगा. इंग्रजीत त्याला ड्रॉबॉयच म्हणायचे. तो एकेक जुडी क्रमानं ओढायचा, विणकर धोटा फेकायचा. पुन्हा ओढायचं, पुन्हा फेकायचं. दिवसभर.

आपल्याकडे ही पद्धत अनोळखी नाही. बनारसला दोऱ्यांची अशी जुळणी बांधणाऱ्या कारागिराला नक्शबंद म्हणतात, आणि तिथे तो मोठ्या मानाचा माणूस. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या हिमरूच्या मागावरही वर दोऱ्यांचा जाला असायचा आणि तो ओढणारा जोडीदार असायचा.

आता या दोऱ्यांच्या जुड्या बांधायच्या कशावरून? त्यासाठी चित्राचे दोन टप्पे होत. पहिला टप्पा म्हणजे नक्षीकाराचं मूळ चित्र, मोकळ्या हातानं काढून जलरंगात रंगवलेलं. मालक-विणकर किंवा कापडाचा व्यापारी ते बघून पसंत करायचा. दुसरा टप्पा म्हणजे चौकटींच्या कागदावर उतरवलेली नक्षी. आपण शाळेत वापरायचो त्या ग्राफपेपरचा हा पूर्वज समजा. एक उभी ओळ म्हणजे उभ्या धाग्यांचा एक घटक, एक आडवी ओळ म्हणजे एक फेक. ज्या चौकटीत रंग भरलाय तिथे त्या रंगाचा धागा वर दिसणार.

इथे एक अडचण यायची. कापडात एका इंचात उभे धागे जितके असतात तितकेच आडवे असतील असं नाही. समजा उभे धागे दाट आहेत आणि आडवे विरळ. मग तुम्ही अगदी चौरस घरांच्या कागदावर गोल फूल काढलंत, तर कापडावर ते लांबट होऊन उतरणार. म्हणून या कागदाची घरं त्या त्या कापडाच्या विणीच्या प्रमाणात आखावी लागत. फ्रान्समध्ये ल्योंला तर अशा वेगवेगळ्या प्रमाणांचे कागद ठरलेले होते. म्हणजे कागद निवडतानाच कापड किती दाट विणायचंय हे ठाऊक असावं लागे. चित्रकाराला माग कळायला हवा, हा आग्रह त्यातूनच आला.

आणि हे सगळं खर्चाचं होतं. एक मोठी नक्षी मागावर चढवायला कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे लागत. एकदा चढवली की आडव्या धाग्यांचे रंग बदलता येत, फूल बदलता येत नसे. म्हणून नक्षी विकत घेणं हा मालकाचा जुगार होता. हंगामाला ती चालली तर ठीक, नाही चालली तर दोऱ्या सोडा आणि पुन्हा बांधा. हा सगळा जुगार खेळला जायचा तो एका रंगवलेल्या कागदाच्या भरवशावर.

लेमनचा गुपित रंग

रेशमासाठीच्या तारीख घातलेल्या नक्ष्यांमध्ये आज टिकून असलेल्या सगळ्यात जुन्या नक्ष्या स्पिटलफील्ड्सच्याच आहेत. त्या जेम्स लेमनच्या. हा ह्यूगनो घराण्यातला. बापाकडे विणकाम शिकला आणि नक्षीकारही झाला. दोन्ही कामं करणारे लोक तेव्हाही थोडेच होते. त्याच्या नक्ष्यांचा जो संग्रह आज म्युझियममध्ये आहे, त्यातले कागद अठराव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतले आहेत.

या कागदांवर झगझगीत रंग दिसतात. पिवळा, लाल, निळा, हिरवा. बघणाऱ्याला वाटतं, काय भडक कापड असेल! पण ते रंग कापडाचे नाहीत. लेमन बऱ्याचदा रंगाचा उपयोग खुणेसारखा करतो. पिवळा म्हणजे सोन्याची जर, दुसरा एखादा रंग म्हणजे वेगळ्या प्रकारची जर किंवा वेगळी वीण. म्हणजे हे चित्र विणकराला दिलेलं सूचनापत्रक आहे. ज्याला किल्ली माहीत आहे त्यालाच ते वाचता येणार. सध्या या रंगांचा रासायनिक अभ्यासही झालेला आहे. एवढ्या कामचलाऊ वाटणाऱ्या कागदावरही त्यानं चांगल्या प्रतीचे रंग वापरलेले आढळले. धंद्यात नक्षीची किंमत काय होती ते यावरून कळतं.

त्याच काळात जोसेफ डँड्रिज नावाचा आणखी एक नक्षीकार होता. तो पोटासाठी रेशमाच्या नक्ष्या काढायचा आणि आवड म्हणून फुलपाखरं, कीटक, वनस्पती गोळा करायचा. इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या कीटक अभ्यासकांत त्याचं नाव घेतलं जातं. हे सांगायचं कारण असं की, स्पिटलफील्ड्समध्ये बागकाम, वनस्पतीशास्त्र आणि रेशीम हे एकमेकांच्या शेजारी नांदत होते. पुढे इंग्रजी रेशमावर जी ओळखता येणारी, खरीखुरी फुलं आली, ती या शेजारातून आली.

ॲना मारिया गार्थवेट

गार्थवेट 1688 मध्ये एका पाद्र्याच्या घरात जन्मली. विणकरांच्या घराण्यातली नाही, फ्रेंच नाही, लंडनचीही नाही. कुठल्या मालकाकडे उमेदवारी केल्याची नोंद नाही. तरुणपणी तिनं केलेलं कागद कापण्याचं एक नाजूक काम टिकून आहे, त्यावर 1707 साल आहे. हात चांगला होता, एवढं त्यावरून नक्की दिसतं. तिनं लग्न केलं नाही. विधवा बहिणीबरोबर आधी यॉर्कला राहिली, आणि 1728 च्या सुमारास, म्हणजे वयाच्या चाळिशीत, दोघी बहिणी लंडनला आल्या.

राहायला आल्या त्या नेमक्या स्पिटलफील्ड्समध्ये. तेव्हाचं प्रिन्सेस स्ट्रीट, आजचं प्रिन्सलेट स्ट्रीट. घर कोपऱ्यावरचं, विणकरांच्या वस्तीच्या अगदी मधोमध. ते घर आजही उभं आहे आणि 1998 मध्ये त्याच्यावर तिच्या नावाची निळी पाटी लागली.

तिथून पुढे तीनेक दशकं ही बाई नक्ष्या काढत होती. वर्षाला ऐंशीपर्यंत. म्हणजे चार-पाच दिवसांना एक. आणि ह्या काही छंदाच्या नक्ष्या नव्हत्या, विकल्या जाणाऱ्या होत्या. तिची एक सवय आपल्या फार उपयोगाची ठरली. नक्षीच्या कागदावर ती तारीख लिहायची आणि ती नक्षी कोणी घेतली त्याचं नाव लिहायची. बहुतेक नावं विणकरांची आहेत, काही व्यापाऱ्यांची. शिवाय ही नक्षी कुठल्या प्रकारच्या कापडाची, याच्याही नोंदी सापडतात. त्या काळच्या फॅशनच्या दुनियेत इतका व्यवस्थित हिशेब क्वचितच कोणी ठेवला असेल.

या कागदांवरून रेशमाची आवडनिवड कशी बदलली ते वर्षागणिक वाचता येतं. 1720 च्या दशकात लेसचा भास देणाऱ्या, समतोल, भरगच्च नक्ष्या. 1730 च्या दशकात एकदम मोठाली फळं-फुलं, छायाप्रकाश दाखवून उठाव आणलेली. आणि 1740 च्या दशकात ती ओळखली जाते त्या नक्ष्या: फिकट पार्श्वभूमी, बरीच जागा मोकळी, त्यावर विखुरलेली फुलं. कुठे गुलाब, कुठे ऑरिक्युला, कुठे घंटीसारखी फुलं. आकार, पानाची वळणं, रंग इतके नेमके की जाणकाराला झाड ओळखता यावं.

मधल्या टप्प्यातला जो उठाव म्हणाले, त्यामागे एक फ्रेंच युक्ती आहे. 1730 च्या दशकात ल्योंमध्ये ज्याँ रेव्हेल या नक्षीकाराच्या नावाशी जोडली गेलेली एक पद्धत आली. विणकामात गडद आणि फिकट रंग शेजारी आले की मधली रेघ कुऱ्हाडीनं तोडल्यासारखी दिसते. ती मऊ कशी करायची? तर गडद रंगाचे धागे थोडे फिकटात घुसवायचे आणि फिकटाचे गडदात. दोन हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तसं. मग डोळ्याला छटा हळूहळू बदलल्याचा भास होतो. गार्थवेटनं ही युक्ती त्याच दशकात उचलली. तिच्या संग्रहात फ्रेंच नक्ष्याही होत्या. म्हणजे स्पर्धकावर तिची नजर होती.

नक्षी कोणाची?

आता इथे एक खडा प्रश्न येतो. तिनं उचलली, आणि तिची कोणी उचलली तर?

ल्यों शहरानं हा प्रश्न लवकर ओळखला होता. 1711 मध्येच तिथल्या नगरशासनानं दुसऱ्याच्या नक्ष्या चोरण्याविरुद्ध हुकूम काढला. 1787 मध्ये राजाच्या आदेशानं रेशमाच्या नक्षीला काही वर्षांचं संरक्षण सगळ्या फ्रान्सभर मिळालं. ल्योंमध्ये नक्षीकार पुष्कळदा रेशीम कारखानदारीत भागीदार असायचा. त्याला चित्रकलेचं शिक्षण दिलं जायचं, पॅरिसला पाठवून फॅशन बघायला लावलं जायचं. फिलिप द लासाल हा नक्षीकार तर मागाच्या सुधारणाही करत होता. ओढण्याच्या दोऱ्यांचा संच मागावरून सुटा काढून दुसरा लावता येईल अशी सोय त्यानं केली. 1775 मध्ये त्याला सरदारकी मिळाली. 1765 मध्ये पॅरिसला रेशमी वस्त्रांच्या नक्षीकारांसाठी एक आख्खं पुस्तक निघालं, जूबेर द लिबेरदरी याचं.

इंग्लंडमध्ये यातलं फारसं काही नव्हतं. नक्षीकार सुटे काम करायचा: काढली, विकली, संपलं. 1787 मध्ये तिथे छापील सुती आणि तागाच्या कापडाच्या नक्षीला दोन महिन्यांचं संरक्षण मिळालं, रेशमाला नाही. रेशीम कायद्याच्या छत्राखाली आलं ते 1839 मध्ये. तेव्हा गार्थवेटला जाऊन पाऊणशे वर्षं झाली होती.

मग तिचं संरक्षण काय? वेग. चार-पाच दिवसांना एक नक्षी हा वेग हौसेतून आलेला नसावा. कोणी नक्कल करून माग चढवेपर्यंत हंगाम बदललेला असायचा. आणि कोणती नक्षी कोणाला विकली हे लिहून ठेवलं की एकच चीज चुकून दोघांना जात नाही. त्या कागदांवरची ती बारीक अक्षरातली नावं म्हणजे तिच्या धंद्याची अब्रू होती.

कागद, कापड आणि एक चित्र

या नोंदींचा इतिहासाला काय उपयोग झाला ते आता सांगते. जुन्या रेशमी झग्यांवर तारीख नसते. शिवाय रेशीम महाग, त्यामुळे झगे उसवून पुन्हा शिवले जायचे, आईचा झगा लेकीला व्हायचा. शिवण 1770 ची आणि कापड 1740 चं असं सर्रास घडतं. म्हणून निव्वळ शिवणीवरून काळ ठरवणं धोक्याचं.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या अभ्यासक नॅटली रोथस्टीन यांनी या नक्ष्यांवर अनेक वर्षं काम केलं. त्यांचा अठराव्या शतकातल्या रेशमी नक्ष्यांवरचा ग्रंथ 1990 मध्ये आला. तारीख घातलेली नक्षी हाताशी धरली, की तिच्याशी जुळणारं कापड जगात कुठेही मिळालं तरी ते केव्हाच्या हंगामाचं ते सांगता येतं.

एक नमुना बघा. 1743 मध्ये गार्थवेटनं दमास्क कापडासाठी एक नक्षी केली. दमास्क म्हणजे एकाच रंगाचं कापड, ज्यात नक्षी फक्त झळाळीच्या फरकानं दिसते. ती नक्षी सायमन जुलिन्स या विणकरानं घेतली. तीन वर्षांनी, 1746 मध्ये, रॉबर्ट फीक या चित्रकारानं अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या ॲन शिपेन विलिंग या बाईंचं चित्र रंगवलं. त्यांच्या अंगावरच्या झग्याची नक्षी तीच आहे. ते चित्र आज विंटरथर म्युझियममध्ये आहे. स्पिटलफील्ड्सच्या कोपऱ्यावरच्या घरातलं फूल तीन वर्षांत अटलांटिक ओलांडून गेलं, आणि आपल्याला नक्षीकार, विणकर आणि गिऱ्हाईक या तिघांचीही नावं माहीत आहेत. वस्त्रांच्या इतिहासात अशी पूर्ण साखळी हाती लागणं दुर्मीळ.

ज्यांची नावं कागदावर नाहीत

पण ही साखळी खरंच पूर्ण आहे का? हा माझा तिसरा प्रश्न.

कागदावर ज्याचं नाव आहे तो सायमन जुलिन्स मालक-विणकर. मागावर रोज बसणारा बहुधा रोजंदार विणकर असायचा, तुकड्यावर पैसे घेणारा. त्याचं नाव कागदावर नाही. जुड्या ओढणाऱ्या पोराचं नाही. धागा पिळणाऱ्या, उकलणाऱ्या, कांड्या भरणाऱ्या बायकांचं नाही. ग्राफच्या कागदावर नक्षी उतरवणाऱ्याचं, दोऱ्या बांधणाऱ्याचंही बहुधा नाही.

ती माणसं इतिहासात दुसऱ्या कागदांवर येतात: कोर्टाच्या. 1763 मध्ये गार्थवेट वारली. त्याच वर्षी फ्रान्सशी चाललेलं सात वर्षांचं युद्ध संपलं, फ्रेंच रेशीम पुन्हा बाजारात शिरलं आणि स्पिटलफील्ड्सचे माग बंद पडू लागले. 1765 मध्ये हजारो विणकर काळी निशाणं घेऊन वेस्टमिन्स्टरवर चालून गेले. परदेशी रेशमावरच्या बंदीला विरोध केला म्हणून ड्यूक ऑफ बेडफर्डच्या वाड्याला त्यांनी वेढा घातला. 1766 मध्ये परदेशी रेशमावर बंदी आली. पण मजुरी काही वाढली नाही. मग कमी दरात काम करणाऱ्यांच्या मागांवरचं रेशीम रात्री येऊन कापून टाकायचं, असं सुरू झालं. कापणारे म्हणूनच ते ओळखले गेले. 1769 च्या डिसेंबरात जॉन डॉयल आणि जॉन व्हॅलीन या दोघांना बेथनल ग्रीनमध्ये, विणकरांच्या वस्तीतच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फाशी दिली.

या सगळ्यातून 1773 मध्ये कायदा झाला आणि लंडनच्या रेशीम विणकरांची मजुरी न्यायाधीशांनी ठरवायची असं ठरलं. तो 1824 पर्यंत चालला. मग मुक्त व्यापाराच्या वाऱ्यात तो गेला, आणि 1860 मध्ये फ्रान्सशी करार होऊन फ्रेंच रेशमावरची जकात उठली तेव्हा स्पिटलफील्ड्सनं जवळजवळ मान टाकली.

मला यातून असं दिसतं: नक्षीचा कागद आपल्याला कापडाची आखणी दाखवतो, कापडाची किंमत कोणी मोजली ते दाखवत नाही. म्हणून म्युझियमचा कागद आणि कोर्टाचा कागद शेजारी ठेवून वाचायला हवेत. एकावर गुलाब आहे, दुसऱ्यावर फाशी, आणि दोन्ही एकाच गल्लीतले आहेत.

आता प्रश्न घेऊ या.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: पैठणीसाठी असे रंगवलेले कागद होते का?

उत्तर: पैठणीचं तंत्र मुळातच वेगळं आहे, म्हणून हा प्रश्न चांगला. पैठणीच्या पदरात ड्रॉलूमसारखी दोऱ्यांची ओढाओढ नाही. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. विणकर धागे मोजून, जिथे तो रंग हवा तिथवरच ती फिरवतो आणि शेजारच्या रंगात अडकवून परततो. म्हणून पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. बांगडी मोर, मुनिया, असावली ही नक्षी विणकराच्या मोजणीत असते. स्पिटलफील्ड्समध्ये नक्षीचं डोकं आणि विणणारा हात वेगळे झाले होते, दोघांच्या मध्ये कागद होता. पैठणीत ते डोकं आणि तो हात पुष्कळ अंशी एकाच माणसाचे राहिले. त्याची दुसरी बाजू अशी की, मोजणी डोक्यात असली की ती कागदावर मागे राहत नाही. गार्थवेटचं नाव आपल्याला माहीत आहे, जुन्या पैठणीवरचा मोर कोणी मोजला ते माहीत नाही. आज येवल्याला जे विणकर काम करताहेत त्यांच्या नक्ष्या, नावं, तारखा नोंदवणं हे काही अवघड काम नाही. एक वही पुरते.

प्रश्न: जॅकार्डचा माग आल्यावर हे हातानं रंगवणं संपलं का?

उत्तर: नाही, उलट वाढलं. ल्योंच्या जॅकार्डनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे यंत्र चालतं केलं, त्यात दोऱ्या ओढणारा पोरगा गेला आणि त्याच्या जागी भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पत्ती आली. एका फेकीला एक पत्ती. पण कुठल्या पत्तीला कुठे भोक पाडायचं हे कुठून कळणार? त्याच चौकटींच्या रंगवलेल्या कागदावरून. नक्षी जितकी बारीक तितका कागद मोठा. 1839 मध्ये ल्योंला जॅकार्डचं स्वतःचंच चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे 24,000 पत्त्या लागल्या. ते इतकं हुबेहूब होतं की लोकांना ते छापील वाटे. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज, ज्याला आपण संगणकाच्या आद्य कल्पकांपैकी एक मानतो, त्यानं त्याची एक प्रत मिळवली होती आणि घरी येणाऱ्यांना तो ती कौतुकानं दाखवायचा. चौकटीत रंग आहे किंवा नाही, भोक आहे किंवा नाही, धागा वर किंवा खाली. आज आपल्या पडद्यावर जे ठिपके चमकतात त्यांची आणि या कागदांची रीत एकच आहे. फक्त एवढं लक्षात ठेवू या, की त्या प्रत्येक चौकटीत कोणीतरी हातात कुंचला घेऊन, डोळे बारीक करून रंग भरला होता.